नव्या पाण्याचा मान

माझ्या बापानं माझं नाव क्रांती ठेवलं आणि मी निघाले भित्री. दारात पोस्टमन आला तरी मी दाराआड लपते. आणि भ्याले की मला गप्प बसता येत न्हाय, समोर जो सापडेल त्याच्यावर मी तोंड टाकते. त्यामुळं तालमीत चिठ्ठी निघाली त्या दिवशी आमच्या घरात काय झालं असंल, ते तुम्हीच समजून घ्या.

चिठ्ठी कसली, ते आधी सांगते. आषाढात आमच्या कोल्हापुरात गल्लीगल्लीतनं पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाई देवीला जातं. पुढं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत असतं, मागं पोरी डोक्यावर घागरी घेऊन चालतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर पाणी ओततात. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीची त्यात आणखी एक रीत हाय. मानाची घागर एकाच पोरीची. ती आदल्या दिवशी संध्याकाळी नदीवरनं भरून त्या पोरीच्या घरात आणून ठेवायची. मग गल्लीतल्या बायकांनी तिथं जायचं, घागरीला कुंकू लावायचं आणि त्या घरचं गूळपाणी प्यायचं. पोरगी कुणाची, ते चिठ्ठी टाकून ठरतं. गल्लीचे सण काढणाऱ्या तालमीचा बंडू सगळ्यांच्या देखत चिठ्ठी काढतो, म्हणजे मागनं भांडण नको.

या वर्षी निघाली तेजस्वी मोहिते. माझी पोरगी, सहावीतली. मैत्रिणींबरोबर जाऊन तिनंच नाव घातलं होतं, मला न विचारता. ती उड्या मारत घरी आली, आणि मी काय करावं? पाठीत धपाटा घातला तिच्या. पोरगी रडायला लागली. तिला कळंना की देवीचा मान मिळाला तर आई मारती कशाला, आणि मला ते सांगता येईना.

सांगणार काय? आम्ही मातंग. गारगोटीच्या पुढं आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमचा वाडा. हे गल्लीत कुणाला ठावं न्हवतं. तेजस्वीलाच धड ठावं न्हवतं, तर गल्लीला कुठनं असणार.

माझा नवरा ज्ञानू. तोंडावर मी त्याला 'अवो' म्हणते, पाठीमागं ज्ञानू. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागला तवा आम्ही कोल्हापुरात खोली हुडकत फिरत होतो. मोहिते म्हटलं की घरमालक खूश व्हायचे. मग हळूच विचारायचे, मोहिते म्हणजे कुठलं? की आमचा हा सरळमार्गी माणूस सगळं खरं सांगून मोकळा. मग भराभर खोल्या भरायच्या. एकाच्या पुतण्याचं लग्न ठरायचं, एकाचा जावई राहायला यायचा. एका ठिकाणी तर आम्ही जिना उतरतोय तोवर मालकीण बादलीनं पायऱ्या धुवायला लागली. शेवटी दोन वर्षांमागं आक्काकडं गेलो तवा मी ज्ञानूला दम दिला, की तोंड उघडलं तर मी माहेरी जाईन. आक्का म्हणजे आमची घरमालकीण. सत्तरीची बाई, गल्लीत तिचा शब्द शेवटचा. तिनं गाव विचारलं, मी म्हटलं गारगोटीकडलं. देव विचारला, मी म्हटलं जोतिबा. दोन्ही खरंच की. पुढं तिनं काही विचारलं न्हाय आणि किल्ली दिली.

गल्ली वाईट होती असं मी म्हणणार न्हाय, माझी जीभ झडेल. तेजस्वीला डेंग्यू झाला तवा बंडू रिक्षा घेऊन दारात उभा राहिला. समोरची पूर्णिमा मला चटण्या आणून द्यायची, तिची अंतरा आणि तेजस्वी एका बाकावर बसायच्या. पण पूर्णिमा माझ्या घरात कधी चहा प्यायली न्हाय. 'आत्ताच झाला वैनी,' असं म्हणायची. बाकीच्या पण तसंच काहीतरी म्हणायच्या. मला त्याचं बरंच वाटायचं. प्यायल्याच न्हाईत, म्हणजे उद्या कळलं तर आम्हाला बाटवलं म्हणून कुणी अंगावर यायला नको. भित्र्या माणसाचा हिशेब असाच असतो.

आणि आता सगळी गल्ली माझ्या घरात पाणी प्यायला येणार होती.

मी तेजस्वीएवढी होते तवा आमच्या शाळेत कुणीतरी पुढारी येणार होता. स्वागताला कलश घेऊन पोरी उभ्या करायच्या होत्या. बाईंनी मला पुढं उभं केलं, मी उंच होते म्हणून. मग कुणाची तरी आई आली आणि बाईंच्या कानाला लागली. बाईंनी माझ्या डोक्यावरचा कलश काढून घेतला, नळाखाली नेऊन विसळला आणि दुसरीच्या डोक्यावर ठेवला. मला म्हणाल्या, 'तू मागं उभी राहून टाळ्या वाजव.' मी वाजवल्या. माझ्या पोरीच्या डोक्यावरची घागर अशी कुणी उतरवली असती तर मी मेले असते. दुसरं कसलंच भ्या न्हवतं मला. खोली गेली तर दुसरी मिळाली असती, न्हाय तर गावाकडं गेलो असतो. पण ती घागर तिच्या डोक्यावरनं कुणी काढायला नको होती.

म्हणून मी आधीच ती काढून टाकायला निघाले.

आक्काकडं जाऊन म्हटलं, पोरीची परीक्षा हाय. आक्का म्हणाली, 'आषाढात कसली परीक्षा गं? शाळा उघडून चार दिस झाल्यात.' दुसऱ्या दिवशी म्हटलं, माझी अडचण आलीया. 'मग घागर कट्ट्यावर ठिवू की. आलीया तशी जाईल.' घरी येऊन ज्ञानूला म्हटलं, सुतक पडलं म्हणून सांगते.

'आणि कुणाला मारतीस?' ज्ञानू म्हणाला.

'तुमच्या चुलत्याला.'

'त्यो कालच बाजारात दिसलाय कुणाला तरी. क्रांती, खरं सांगून टाकू.'

'सांगा की. आणि भर पावसात खोली हुडका. पोरीला पण तुम्हीच सांगा, तुझा मान काढून घेतला म्हणून.'

त्यानं ताट पुढं सारलं. जेवण त्यात तसंच राहिलं होतं. तो पण भ्यालाय हे मला दिसत होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. घरात एक तरी माणूस न भिणारं पाहिजे की न्हाय?

त्यात तेजस्वीनं आणखी एक काम केलं. बापाच्या फोनवरनं आज्जीला कळवलं. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, गावातनं सहसा हलत न्हाईत. पण नातीच्या डोक्यावर देवीचं पाणी म्हटल्यावर घागर यायच्या आदल्या दिवशी गारगोटीच्या गाडीनं एकट्या आल्या. नवं लुगडं नेसून, पिशवीत नारळ घालून. त्यांना बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी आधी दार लावून घेतलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी त्यांना समोर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली.

'आत्या, उद्या बायका येतील तवा उंबऱ्याजवळ बसायचं न्हाय. खुर्चीवर बसायचं.'

'बरं.'

'कुणाला साब म्हणायचं न्हाय. आक्कासाब न्हाय, नुसतं आक्का. बायकांना ताई.'

'बरं.'

'वाड्यातल्या कुणाची नावं घ्यायची न्हाईत. मामंजी हलगी वाजवायचे ते काढायचं न्हाय. आणि उगाच पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात जायचं न्हाय.'

'मग बाई, मी गावालाच जाते,' त्या म्हणाल्या. रागानं न्हाय, सरळच म्हणाल्या. 'माझ्यामुळं पोरीचं इस्कटायला नको.'

तेजस्वीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. ती म्हणाली, 'आज्जी, तू गेलीस तर मी घागर घेणारच न्हाय.' झालं. मी आणखी पुष्कळ सांगितलं. कसं हसायचं, प्रसाद उजव्या हातानं कसा घ्यायचा, सगळं. मला वाटलं, मी सगळं सांगितलं. पाण्याचं तेवढं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घागर आली. बंडूनं ती माझ्या पाटावर ठेवली, दोन्ही हातांनी, हळू. बाहेर वाजंत्री एकदा वाजून थांबली आणि बायका आत आल्या. माझी खोली ती केवढी, गच्च भरून गेली. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, पाय जमिनीला न टेकवता. मी गूळपाण्याचे ग्लास परातीत भरून ठेवले होते. ते दोनदा मोजून झाले होते, तरी मी तिसऱ्यांदा मोजत होते. पूर्णिमा म्हणाली, 'वैनी, बसा की जरा, दमलासा.' मी तिच्याकडं बघून हसले असंन, न्हाय तर रडले असंन, मला सांगता येणार न्हाय.

आक्कानं नारळ फोडला. घागरीला कुंकू लावलं, तेजस्वीच्या कपाळाला लावलं. मग परातीतला एक ग्लास उचलला. पहिलं गूळपाणी त्या घरच्या थोरल्या बाईला, आणि ते गल्लीच्या थोरल्या बाईनं द्यायचं, अशी रीत. आक्का ग्लास घेऊन सासूबाईंच्या समोर गेली.

सासूबाई खुर्चीवरनं उठल्या. मला वाटलं मान द्यायला उठल्या. त्या खाली उकिडव्या बसल्या, पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाजवळ धरली. मान वर करून आक्काच्या हातातल्या ग्लासाकडं बघत राहिल्या, वरनं धार कधी पडते याची वाट बघत.

'वाढा, आक्कासाब,' त्या म्हणाल्या.

एवढ्या बायका, आणि सगळ्यांना कळलं. न कळायला काय झालंय? या जिल्ह्यात असं ओंजळ धरून कोण पाणी पितं आणि का पितं, हे बघितल्याशिवाय कुणाची आज्जी म्हातारी झालेली न्हाय. मी भिंतीला धरलं म्हणून उभी राहिले.

आणि तेजस्वी हसली. तिला गंमत वाटली. 'आज्जी, ग्लास हाय की. अशी का बसलीस?'

मी पुढं झाले. तोंडात खोटं तयारच होतं. 'त्यांचे हात कापतात, म्हणून ओंजळीनं...'

'थांब क्रांती,' आक्का म्हणाली. 'खोटं बोलू नगंस.'

तिनं तेजस्वीकडं बघितलं. 'तुझ्या आज्जीला असं पाणी प्यायला आम्ही शिकवलंय.'

'आम्ही म्हणजे कोण?'

'आम्हीच. माझी आई, माझी सासू, मी. आमच्या मळ्यात तण भांगलायला बायका यायच्या. त्या अशाच खाली बसायच्या आणि मी तांब्यानं वरनं ओतायची. त्यांचा हात आमच्या भांड्याला लागायचा न्हाय, हे बघायला मला उभं करायचे. तुझ्याएवढीच असंन मी.'

'पण का?'

'त्यांच्या जातीमुळं.'

तेजस्वीनं माझ्याकडं बघितलं. आता हसत न्हवती. 'आई, आपली पण तीच जात हाय?'

दोन वर्षं मी या प्रश्नापासनं पळत होते. एवढ्या बायकांच्या समोर, पाटावर देवीची घागर ठेवलेली, आणि माझी पोरगी मला विचारत होती. मला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. पण असं काही होत नसतं, आपल्यालाच बोलावं लागतं.

'व्हय,' मी म्हटलं.

तेवढं बोलले आणि मग माझी जीभ सुटली. 'तुम्हाला ठावं होतं, आक्का?'

'तू खोलीत आलीस त्याच आठवड्यात. गारगोटीला माझं माहेर हाय गं.'

'आणि ह्या सगळ्यांना?'

कुणी वर बघितलं न्हाय.

'म्हणजे मी दोन वर्षं रोज मरत होते आणि तुम्ही सगळ्या बघत होतासा? म्हणून माझ्या घरचा चहा कुणाला चालत न्हवता? पूर्णिमा, तू रोज आत्ताच चहा पिऊन येत होतीस ना? मग आज गूळपाणी तरी घे.' मी परात तिच्या समोर धरली.

पूर्णिमाचा चेहरा उतरला. 'तसं काय न्हाय वैनी. आमच्यात सासूबाई हाईत, त्यांना...' असं म्हणत ती उठली. 'दूध ठेवून आलेय गॅसवर.' ती गेली, तिच्या मागनं आणखी दोघी गेल्या. चपला घालायच्या घाईत एकीनं दुसरीची चप्पल घातली आणि परत येऊन बदलली. त्या दिवशी मला त्याचं हसू आलं न्हाय.

'तू म्हणतीस ते खरं हाय,' आक्का म्हणाली. 'खोली दिली, पण पाणी प्यायला मी पण आत आले न्हाय. गल्ली काय म्हणंल म्हणून. गल्लीत सगळी मला भितात आणि मी गल्लीला.'

एवढं सगळं आम्ही डोक्यावरनं बोलत होतो आणि खाली सासूबाई तशाच बसल्या होत्या. ओंजळ तशीच. कुणी काय बोललं त्यांच्या कानात शिरलं का न्हाय, मला कळलं न्हाय. त्या पाण्याची वाट बघत होत्या.

आक्का गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसली, त्यांच्या समोर, फरशीवर. ग्लास त्यांच्या ओंजळीत ठेवला. सासूबाईंना तो कसा धरायचा कळंना. त्यांनी मान मागं टाकली आणि लांबनंच तोंडात ओतायला गेल्या. अर्धं पाणी चोळीवर सांडलं.

'तोंड लावून प्या,' आक्का म्हणाली.

'उष्टं होतंय की.'

'होऊ दे.'

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ग्लासाला ओठ लावले, राहिलेलं पाणी प्यायल्या आणि ग्लासाची कड पदरानं पुसून काढली. आक्कानं परातीतनं दुसरा ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग एक एक बाई उठली. काही जणी खरंच प्यायल्या. काही जणींनी ओठाला लावल्यासारखं केलं आणि ग्लास भरलेलाच ठेवला. मी सगळं बघत होते. असल्या गोष्टी बघण्यात माझा हात कुणी धरणार न्हाय.

बायका गेल्यावर बंडू दारात आला. आत आला न्हाय, चौकटीला धरून उभा राहिला. 'काकी, सकाळी वेळेत आवरा.'

'अजून तिलाच न्यायची हाय व्हय घागर?' मी विचारलं.

'तालमीत निघालेली चिठ्ठी आजवर कुणी फिरवलेली न्हाय,' तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, 'पण काही घरांतनं पोरी पाठवत न्हाय म्हणून निरोप आलाय. वाटेत कोण काय बोललं तर तुम्ही उलट बोलू नका. आम्ही हाय.'

हे ऐकून धीर यावा का भ्या वाढावं? माझं वाढलं. ज्ञानू पाळीवरनं आला, त्याला सगळं सांगितलं. तो घागरीजवळ जाऊन बसला आणि बराच वेळ उठलाच न्हाय. तेजस्वी आज्जीला चिकटून झोपली होती. झोपायच्या आधी तिनं मला एवढंच विचारलं, 'अंतरा उद्या येणार न्हाय का?' मी म्हटलं, येईल की. एवढं सगळं होऊनही मी खोटंच बोलले.

सकाळी अंतरा आली न्हाय. पूर्णिमाचं दार बंद होतं. दरवर्षी घागरीच्या मागं पोरींची रांग गल्लीच्या तोंडाला जाऊन टेकते, या वर्षी ती निम्म्यावरच संपली. तेजस्वीनं मागं वळून एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं न्हाय. बंडूनं तिच्या डोक्यावर घागर ठेवली. पी-ढबाक सुरू झालं आणि आम्ही निघालो.

सगळी वाट मी तिच्या एका अंगाला चालले. लोक म्हणत असतील, आईला पोरीचं किती कौतुक. कौतुक कसलं, माझी नजर बाजूच्या माणसांवर होती. कुणी हात वर केला की मी पोरीला आणखी चिकटायची. एक माणूस गर्दीतनं पुढं आला आणि त्यानं घागरीकडं हात नेला. मी मधे घुसले, 'हात लावू नका,' म्हणून त्याच्या अंगावर ओरडले. तो बिचारा घागरीवर हळद टाकत होता. चार माणसं बघायला लागली. आक्का मागनं येत होती, म्हणाली, 'चल पुढं. चालत राहा.' दुसऱ्या बाजूनं ज्ञानू चालत होता. पोरीच्या बाजूनं तो जरा पण हलला न्हाय.

टेंबलाईच्या टेकडीवर ही गर्दी. बऱ्याच गल्ल्यांच्या घागरी आल्या होत्या, एकेकीचा नंबर लागत होता. आमचा नंबर आला. तेजस्वी पायऱ्या चढून वर गेली. मी तिच्या खाली दोन पायऱ्यांवर उभी होते. म्हटलं झालं, एवढं पाणी ओतलं की सुटलो. देवी, एवढं पार पाड.

'ओत गं पोरी,' बंडू म्हणाला.

तेजस्वी ओतंना. डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी धरून ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

'आज्जी कुठं हाय?'

सासूबाई खाली होत्या. पायऱ्या जिथं सुरू होतात त्याच्याही अलीकडं, नारळवाल्यांच्या शेजारी, कडेला. कुणी त्यांना तिथं उभं केलं न्हवतं. त्या आपल्या आपणच थांबल्या होत्या. आमच्या गावच्या देवळात आमची माणसं जिथं थांबतात, तेवढ्याच अंतरावर.

'आज्जी, वर ये,' तेजस्वी ओरडली.

'मला हितनं दिसतंय,' सासूबाईंनी खालनं हात हलवला. 'तू ओत, बाळा.'

'मला तू दिसत न्हाईस.'

वाजंत्री थांबली. मागच्या गल्लीची माणसं कुरकुरायला लागली, 'अवो, आटपा की, किती वेळ?' बंडू आक्काकडं बघायला लागला. आक्का माझ्याकडं बघत होती. मी तेजस्वीला दबक्या आवाजात म्हटलं, 'ओत की गं बाई, तुझ्या पाया पडते.' ती ऐकंना. तिची मान घागरीखाली थरथरत होती, ओठ घट्ट मिटले होते, आणि मला दिसलं की ही आता जाम ओतणार न्हाय. माझ्यावर गेलेली न्हाय ती.

कुणीतरी खाली जाऊन सासूबाईंना आणायला पाहिजे होतं. एवढ्या गर्दीतनं, सगळ्या पेठेच्या देखत. ज्ञानू निघाला, मी त्याचा हात धरून त्याला मागं ओढला. काल रात्री मीच त्यांना म्हटलं होतं, आत्या, सकाळी आमच्यापासनं जरा लांबनं चला. ते मी म्हटलं होतं, ज्ञानूनं न्हाय.

मी पायऱ्या उतरायला लागले. दोन्ही बाजूची माणसं माझ्याकडं बघत होती, आणि प्रत्येकाला सगळं ठावं हाय असं मला वाटत होतं. ठावं असंल तर असू दे, असं मला तवा वाटलं न्हाय. मी नुसती भ्यालेली होते आणि उतरत होते.

सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी हात मागं घेतले. 'नगं क्रांती. लोक बघाय लागल्यात.'

'बघू दे,' मी म्हटलं, आणि मग मोठ्यानं म्हटलं, म्हणजे वरच्यांना पण ऐकू जावं, 'आत्या, चला वर. तुमची नात थांबलीया.'

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा इतका घट्ट धरला की हातातली एक बांगडी पिचली. आम्ही दोघी वर चढलो. काही माणसं बाजूला सरकली, काही सरकली न्हाईत, त्यांच्या अंगाला घासून आम्ही गेलो. ज्ञानू दोन पायऱ्या खाली येऊन उभा होता, त्यानं आईचा दुसरा हात धरला. वर तेजस्वीच्या शेजारी जागा होती, आक्कानं करून ठेवलेली.

'ओतू, आज्जी?' तेजस्वीनं विचारलं.

सासूबाईंनी पायरीकडं बघितलं, मग देवीकडं, मग नातीकडं.

'ओत,' त्या म्हणाल्या.